शॉर्टवेव्हवरची रिकामी जागा

२०२३ साल. मला शहात्तरावं चालू होतं आणि मी अजून रोज सकाळी दुकान उघडत होतो. दुकान म्हणजे शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली. रेडिओ दुरुस्तीला आता कोणी येत नाही हे मलाही दिसत होतं, पण ते दुसऱ्यानं सांगितलेलं मला चालत नव्हतं. गल्लीतलं कोणी म्हणायचं, "आता बसा की निवांत." मी म्हणायचो, "बसलोच हाय की. दुकानात बसलोय."

शाळा माझी चौथीपर्यंत. चौथीच्या परीक्षेलाही गेलो नाही. पण नवी पेठेत एका उस्तादाच्या हाताखाली सात वर्षं काढली आणि नुसत्या कानानं सेटचं दुखणं ओळखायला शिकलो. हे बढाई म्हणून लिहीत नाही. म्हणजे, बढाईच आहे, पण खरी आहे. आणि म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं. कानावर पोट भरलेला माणूस मी, आणि घरातलाच एक आवाज पन्नास वर्षं बंद करून ठेवला.

तो आवाज माझ्या बायकोचा. ती वळसंग गावची. लग्नाआधी वडलांच्या ज्वारीवर पाखरं राखायला तीच मचाणावर बसायची. आमच्याकडं थंडीत भोरड्या येतात. मैनेएवढं पाखरू, डोकं काळं, अंग गुलाबी. एक-दोन नाही येत, आभाळ भरून येतात आणि दाणा भरलेल्या कणसांवर पडतात. तिचे भाऊ गोफण फिरवायचे. हिला गोफण लागत नव्हती. एक हात कानावर ठेवायची आणि हाक द्यायची. ती हाक घशात खालून सुरू व्हायची, चढत जायची, आणि पार वर गेल्यावर जिभेनं तोडल्यासारखी तुटायची. त्यात शब्द नव्हता. मराठी नाही, कानडी नाही. पण ती तुटली की अख्खा थवा एकदम उठायचा. बांधाशेजारचा शेतकरी माझ्या सासऱ्याला म्हणायचा, "पोरीला आवर बाबा. तुझी ज्वारी राहती, पर सगळी पाखरं माझ्याकडं धाडती." हे मी लग्न ठरवायला गेलो तेव्हा ऐकलं आणि मला हसू आलं होतं. तेव्हा आवडलंही होतं, हे कबूल करतो.

लग्न होऊन ती पेठेत आली. आमचं तेव्हा माळवद होतं, मातीचं छप्पर, त्यावर तिनं ज्वारी वाळत घातली होती. कबुतरं उतरली. तिनं सवयीनं कानावर हात ठेवला आणि हाक दिली. सगळी गल्ली थांबली. समोरच्या विणकरांच्या घरातल्या बाया हातमाग सोडून बाहेर आल्या. कट्ट्यावर बसलेला एक जण म्हणाला, "रेडिओवाल्यानं वर गिरणीचा भोंगा बसवला वाटतं. पाळी सुटली का रं?" हसले सगळे. दोन दिवस गल्लीत मला भोंगेवाले म्हणत होते.

मी नवीनच दुकान टाकलं होतं. पँट-शर्ट घालत होतो, खिशाला टेस्टर लावून फिरत होतो. मला ते लागलं. मी वर गेलो आणि तिला म्हणालो, "हे वळसंग न्हाय. हितं बाईमाणसाचा आवाज उंबऱ्याच्या भाईर जात न्हाय. परत काढायचा न्हाय."

तिनं विचारलं, "आन् कबुतरं?"

"खाऊ दे."

परत काढला नाही तिनं. भांडली माझ्याशी पुष्कळ, पण खालच्या आवाजात. हळूहळू मी ते विसरूनही गेलो. ती विसरली नव्हती, हे मला दिवाळीनंतर त्या बाई आल्या तेव्हा कळलं.

बाई पुण्याच्या, चाळिशीच्या. जुना व्हॉल्व्हचा सेट घेऊन आल्या होत्या, शॉर्टवेव्ह नीट लागेल असा करून द्या म्हणाल्या. आताच्या काळात शॉर्टवेव्ह मागणारं गिऱ्हाईक म्हणजे मला देव भेटल्यासारखं झालं, पण मी तोंडावर दाखवलं नाही. "कशाला पायजे?" एवढंच विचारलं.

त्या आवाजाचं काम करत होत्या. गाणं नाही, नाटक नाही, बातम्या नाहीत. निरनिराळ्या ठिकाणचे आवाज गोळा करून त्यांचं एक काहीतरी रचायचं आणि लोकांना ऐकवायचं. भोरड्या जिथं अंडी घालतात त्या लांबच्या गवताळ देशांपासून त्यांच्या मागोमाग त्या आवाज जमवत आल्या होत्या. पिलांचा, पंखांचा, वाटेतल्या गावांचा. त्या गावांतली माणसं पाखरांना हाकलतात कशी, बोलावतात कशी, तेही. वाट जिथं संपते ती जागा म्हणजे आमची ज्वारी. हे सगळं अर्ध्या तासाचं करून परदेशातल्या एका केंद्रावरून शॉर्टवेव्हवर सोडायचं होतं. एकदाच.

"एकदाच का?" मी विचारलं.

"पाखरं पण थांबत नाहीत ना काका. आणि शॉर्टवेव्ह त्यांच्यासारखीच जाते. हद्दी बघत नाही."

मी म्हणालो, "हद्दी काय, ती जमीनच बघत न्हाय. वर जाती, आभाळाला लागून खाली येती, परत वर जाती. मधल्या गावाला पत्ता लागत न्हाय आन् लांबच्या गावाला सापडती." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. माझी छाती फुगली.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. बाईंनी आपल्या यंत्रावरचा एक आवाज लावला होता, नुसता गलका. हिनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "भोरड्या. बसल्याल्या न्हाईत ह्या, उठल्याल्या हायत. कुणीतरी उठवल्यात."

बाई बघतच राहिल्या. मग विचारपूस झाली, वळसंग निघालं, मचाण निघालं. बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही द्याल ती हाक? मला शेवटाला तीच हवी आहे."

हिनं पदराला हात पुसले. माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विचारणं होतं, आणि मी जर नुसती मान हलवली असती तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती.

मी म्हणालो, "तिला काय जमतंय आता. मी देतो."

मी दिली. मी मूळचा पेठेतला. मचाणावर आयुष्यात एकदाही बसलो नाही. मी घसा ताणून असा काही ओरडलो की रिक्षावाला ब्रेक दाबून वळून बघायला लागला. बाईंनी शांतपणे रेकॉर्ड केलं, आभार मानले, सेट ठेवून गेल्या. जाताना नंबर घेतला माझा. घरात फोन एकच, तो माझ्या खिशात असतो.

त्या गेल्यावर ही कप उचलता उचलता म्हणाली, "त्या हाकंनं चिमनी सुदिक उडायची न्हाय. रिक्षा तेवढी थांबली."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ध्यानात आलं की तिच्या गालात सारखं काहीतरी असतं. विचारलं तर म्हणाली, ज्येष्ठमध. "घसा खवखवतोय." तिला खोकला नव्हता, काही नव्हतं. मला समजलं ते. कानानं ओळखणारा माणूस मी, एवढं समजणार नाही? दुपारी मी आडवा झालो की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि नळाच्या आवाजाखाली घसा मोकळा करून बघायची. मी डोळे मिटून ऐकत पडायचो.

बाईंचा फोन पंधरा दिवसांनी आला. म्हणाल्या, "काका, मावशींना विचारलंत का? मी परत येऊ शकते, कधीही." मी म्हणालो, "विचारलं. नको म्हनती." मी विचारलंच नव्हतं.

दुसरा फोन संक्रांतीच्या आधी. तेव्हा बाई स्पष्टच बोलल्या. "काका, राग मानू नका. तुमची हाक मला घेता येणार नाही. ती पाखरांना मारलेली वाटत नाही, माणसांना मारल्यासारखी वाटते. मावशींची मिळाली नाही तर शेवटची जागा मी तशीच ठेवीन. खोटं काही भरणार नाही."

आता इथं शहाण्या माणसानं फोन बायकोच्या हातात दिला असता. ती चार हात लांब तीळ निवडत बसली होती. माझा कान तापला होता. कालची बाई मला आवाजातलं खरं-खोटं शिकवती, असं मनात आलं. मी म्हणालो, "ठेवा रिकामी. तुमचा कार्यक्रम हाय," आणि फोन बंद केला.

तिनं वर न बघता विचारलं, "त्या बाईंचा होता का?"

"न्हाय. कंपनीचा होता, कसला तरी."

"त्यांचा येनार होता," ती म्हणाली आणि निवडत राहिली. संक्रांतीनंतर ज्येष्ठमध बंद झालं.

मला मनातून वाटत होतं की बाई नुसत्या बोलल्या. अर्धा तास रचायचा आणि शेवटाला भोक ठेवायचं, असं कोण करतं? शेवटी माझीच हाक लावणार त्या, नाइलाजानं का होईना. त्या भरवशावर मी गल्लीत सांगूनही टाकलं की परदेशातून माझा आवाज लागणार आहे. मेकॅनिकचा आवाज रेडिओवर, म्हणजे हसू नका म्हटलं. हसले नाहीत. तेच वाईट झालं.

बाईंचा माणूस दुरुस्त केलेला सेट न्यायला आला, त्याच्याबरोबर त्यांनी पाठवलेल्या कागदावर दिवस, वेळ आणि केंद्राचा आकडा होता. दिवस माघातला, वेळ आपल्या घड्याळात संध्याकाळी सहा. आकडा वाचून मी बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरच्या डायलवर खडूनं खूण केली. पण पेठेत आता शॉर्टवेव्ह लागत नाही. घराघरात ते नवे बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर, त्यांची घरघर सगळा पट्टा खाऊन टाकते. फोनवरही ऐकता येईल असं बाईंनी लिहिलं होतं. मी म्हणालो, फोनवर ऐकायला मी कशाला मेकॅनिक झालो? तोच ट्रान्झिस्टर घेतला, वायरचं भेंडोळं घेतलं, आणि हिला घेऊन वडापच्या जीपनं वळसंग गाठलं.

मेव्हण्याचा मुलगा शेत करतो, पन्नाशीचा गडी. मला मामा म्हणतो. त्यानं ज्वारीच्या कडेला बाज टाकून दिली. मचाण केव्हाच गेलं होतं. पाखरं राखायला आता माणूस मिळत नाही, म्हणून त्यानं चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या, त्या वाऱ्यावर फडफडत होत्या.

"भितात का भोरड्या ह्याला?" हिनं विचारलं.

"पयल्या दिवशी भ्याल्या, आत्या. आता त्याच्यावरच बसत्यात."

मी लिंबावर वायर टाकली, सेट लावला. सहाला पाच कमी असताना केंद्र सापडलं, अगदी खडूच्या खुणेवर. मी दोघांकडं असं बघितलं की जणू ते केंद्र मीच उभं केलं होतं.

मग ते सुरू झालं. मला आधी वाटलं होतं की काय ऐकायचं त्यात. पण वारा, मग बारीक चिवचिव, पिलांची, मग ती वाढत गेली, मग पंख. आवाज मोठा व्हायचा, बुडायचा, परत वर यायचा. ते बुडणं आभाळातलं होतं, बाईंनी केलेलं नव्हतं, पण पाखरांना शोभत होतं. मधेच कुठल्या देशातला कोणी म्हातारा डबा बडवत ओरडला. बायका ओरडल्या, दोन-तीन वेगळ्या भाषांत. एक लहान मूल हसलं. ही बाजेच्या काठावर पुढं वाकून बसली होती, हात मांडीवर, तोंड थोडं उघडं. प्रत्येक हाकेला ती मान हलवायची, बरी आहे, बरी नाही. एका बाईच्या हाकेला म्हणाली, "ही राखनारी हाय."

मग शेवट जवळ आला, आणि सेट एकदम बसला. नुसती सरसर. मला वाटलं केंद्र गेलं, आणि ते नेमकं माझ्या हाकेच्या वेळी. मी घाईनं ट्यूनिंगला हात घातला.

तिनं माझं मनगट धरलं. "हलवू नका. सेट बिघडला न्हाय. ती ज्वारी हाय."

मी कान दिला. खरंच. वाळल्या पानावर पान घासल्याचा आवाज. समोरच्या शेतातही तोच येत होता, सेटमधूनही तोच. त्यात दुसरं काही नव्हतं. पान घासत राहिलं, घासत राहिलं, आणि मग एक बाई परदेशी भाषेत काहीतरी बोलली आणि कार्यक्रम संपला.

भाचा म्हणाला, "मामा, तुमचा आवाज कुटं हाय?"

मी सेट बंद केला. ही माझ्याकडं बघत होती. मी पुष्कळ वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलंय की सेटचा दोष नाही, बॅटरीचा आहे, हवेचा आहे. त्या वेळी असलं काही सुचलं नाही.

"त्या बाईंनी जागा ठिवली ती," मी म्हणालो. "तुझी. दोनदा फोन आलता. मी सांगितलं न्हाय तुला."

भाचा उठला आणि बैलं बघायला म्हणून गेला. बैलं त्यानं मागंच विकलेली.

तिनं विचारलं, "शेवटचा कवा आलता?"

"संक्रांतीच्या आदी. तू तीळ निवडत व्हतीस."

"मी इचारलं व्हतं तुमाला."

"व्हय."

तिनं बंद सेटकडं बघितलं. मग म्हणाली, "किती येळ व्हती जागा?"

"आर्धा मिनीट आसंल."

"लई झाली. मला येवढी लागत न्हाय."

तेवढ्यात भोरड्या आल्या. दिवस बुडताना झोपायच्या झाडांकडं जाण्याआधी त्या एक शेवटची झडप घालतात. पलीकडच्या अंगानं ज्वारीवर पडल्या, पट्ट्या-बिट्ट्या सगळं झाकून टाकलं. ती उभी राहिली. कानावर हात गेला. तो हात मी पन्नास वर्षांनी बघत होतो. तिनं श्वास घेतला आणि घशातून नुसती हवा आली, मग खरखर, मग खोकला. एकही पाखरू उठलं नाही. कणसं वाकत राहिली.

ती खाली बसली. हसली थोडी. "गंजली," म्हणाली. "ठिवून ठिवून."

खरखरणारे व्हॉल्यूम कंट्रोल मी आयुष्यभर साफ केले. दोन थेंब टाकायचे, चार वेळा फिरवायचं, आवाज मोकळा. न वापरता ठेवलेला सेट लवकर खराब होतो, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. रोज थोडा वेळ तरी लावत जा, म्हणायचो. घरी मात्र हे कधी सुचलं नाही मला. तो कार्यक्रम परत कधी लागणार नव्हता, बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या अर्ध्या मिनिटात तिची हाक आभाळाला लागून कुठं कुठं उतरली असती, कोणा परक्या माणसानं कान टवकारला असता. मी तिथं पान घासायला लावलं.

मी म्हणालो, "माझी चूक झाली." हे वाक्य मी तिला त्याआधी कधी म्हटलं होतं का, आठवत नाही.

"ती झालीच," ती म्हणाली. "वायर काडा झाडावरची. अंधार पडंल."

भाच्यानं निघताना ज्वारीची पिशवी दिली. वडापमध्ये पिशवी माझ्या मांडीवर होती. ही खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर गल्लीतल्या एकानं विचारलं, "लागला का आवाज?" मी म्हणालो, "न्हाय लागला. घेन्यासारखा नव्हता." तिनं ते ऐकलं आणि उंबरा ओलांडून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी पेठेत गेलो. जडीबुटीवाल्याचं शटर उघडेपर्यंत पायरीवर थांबलो आणि ज्येष्ठमध घेतलं. घरी येऊन पिशवी खांद्यावर टाकली, गच्चीवर नेली, दोनदा जिन्यात टेकलो. जुनी चादर अंथरून ज्वारी पसरली, हातानं सारखी केली. खुर्ची वर नेऊन ठेवली, तिच्यावर ज्येष्ठमधाची पुडी ठेवली. कबुतरं समोरच्या पन्हाळीवर बसून बघतच होती. खाली येऊन तिला म्हणालो, "वर ज्वारी टाकलीया. मला लांबचं दिसत न्हाय. तू बस जरा राखायला." ती काय म्हणते ते ऐकायला थांबलो नाही. दुकानातलं स्टूल उचललं, गल्लीच्या मधोमध कट्ट्यासमोर मांडलं, आणि कोणी हसायला लागलं तर त्याला माझं तोंड दिसावं असा बसलो.